पोर्तुगीज कागदांतली ‘दोमेस्तिका’: जुन्या खानेसुमारीतले धंदे वाचायचे कसे?

कुळागर | फोंडा

मंडळी, घरातलं एक भांडण मिटवायला मदत हवी आहे, म्हणून हा धागा.

चुलतभावाला पोर्तुगीज पासपोर्टसाठी माझ्या थोरल्या काकांच्या जन्माची नोंद लागत होती. साल १९३८. महिनाभर खेपा घातल्यावर नक्कल मिळाली. तीत आजोबांच्या नावापुढे ‘प्रोप्रियेतारिओ’ आणि आजीच्या नावापुढे ‘दोमेस्तिका’ असं लिहिलंय. पोर्तुगीज वाचणारं घरात आता कोणी उरलेलं नाही. भाच्याने मोबाइलवर भाषांतर काढलं आणि जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवलं: आजोबा मालक, आजी मोलकरीण. माझी आत्या ८४ वर्षांची. हातातला घास तसाच राहिला. “माझी आवय कोणाच्या घरात भांडी घासायला गेली होती तेवढं त्याने सांगावं,” एवढंच म्हणाली आणि दोन दिवस भाच्याशी बोलली नाही.

दुसरं, आईच्या बाजूचे पणजोबा. त्यांचा १८९४ सालचा एक दस्त आहे. त्यात त्यांच्या नावापुढे ‘जोर्नालेइरो’. मोबाइल म्हणतो, वर्तमानपत्र विकणारा! गोव्यातलं पहिलं दैनिक, ‘ओ एराल्दो’, निघालं १९०० साली. मग सांग्याच्या त्या कोपऱ्यात पणजोबा सहा वर्षं आधीच काय विकत होते?

या निमित्ताने एका ग्रंथालयात जाऊन खानेसुमारीचे छापील पोर्तुगीज खंडही चाळले. त्यांत नावं नाहीत, नुसते आकडे. पण धंद्यांचे रकाने आहेत आणि तिथेही हेच शब्द. बायकांचा मोठा आकडा घरकामाच्या रकान्यात टाकून मोकळे. हे धंदे नेमके कसे वाचायचे, कोणी सांगेल का?


मानकुराद | म्हापसा

पणजोबांना गोव्यातले पहिले पत्रकार म्हणून जाहीर करून टाका, पुढचं पुढे. :)


पाटो_पूल | पणजी

आत्याबाईंना आधी फोन करा आणि सांगा की मोबाइल खोटं बोलला.

माझ्या नोकरीची बरीच वर्षं जुने कागद उतरवून देण्यात गेली, म्हणून थोडं सांगतो. पोर्तुगीज नोंदींत ‘दोमेस्तिका’ म्हणजे घर सांभाळणारी बाई. घर स्वतःचं. आपण आज फॉर्मवर ‘गृहिणी’ लिहितो ना, तेच. लग्न झालेल्या दहातल्या आठ-नऊ बायकांपुढे कारकून डोळे मिटून हा शब्द ठेवून द्यायचा. दुसऱ्याच्या घरी कामाला असलेली बाई म्हणजे ‘क्रियादा’, कधी पूर्ण ‘क्रियादा दि सेर्विर’. पुरुष असेल तर ‘क्रियादु’. आपल्या कोकणीत ‘क्रियाद’ अजून जिवंत आहेच. मूल सांभाळणारी ‘आमा’, अंगावर पाजणारी ‘आमा दि लेइति’. स्वयंपाकी ‘कोझिन्येइरो’, ज्याचा आपण कुजनेर केला. मराठीतली ‘आया’सुद्धा त्यांच्याकडूनच आलेली, ‘आइया’ची.

जोर्नालेइरो: ‘जोर्नाल’ म्हणजे वर्तमानपत्र खरं, पण त्याचा जुना अर्थ एका दिवसाची मजुरी. जोर्नालेइरो म्हणजे रोजंदारीवर जाणारा माणूस. पेपरवाला हा अर्थ बराच नंतरचा. तुमचे पणजोबा मजुरी करत होते, बाकी काही नाही.

प्रोप्रियेतारिओ वाचून फार हुरळू नका हं. हा शब्द मोठ्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, नावापुढे दिसतो, तसाच चार माड आणि एक कौलारू घर असलेल्याच्या नावापुढेही दिसतो. नोकरी नाही, मजुरी नाही, नावावर काहीतरी आहे, की लिहिला प्रोप्रियेतारिओ. माणूस श्रीमंत होता की नव्हता ते या शब्दावरून कळत नाही.


कुळागर | फोंडा

पाटो_पूल, देव बरें करूं! आत्याला वाचून दाखवलं. भाच्याला माफी मिळाली, मोबाइलला नाही.

पणजोबा ‘शेतकरी’ होते असं आई सांगत आली आहे. आता तिला मजूर म्हणून सांगू का नको, या विचारात आहे.


आबोली_८ | डिचोली

सांगा की. मजुरीत कमीपणा कसला?

पण तुमच्याकडे निदान जेवणाच्या पाटावरच निभावलं. आमच्याकडे छापून झालं होतं. आमच्या एका नातेवाइकाने खपून वंशावळ तयार केली आणि देवळातल्या कुळाच्या मेळाव्यात दोनशे प्रती वाटल्या. खापरपणजीच्या नावाखाली कंसात ‘धोबीण’. झालं! म्हातारे उठून उभे राहिले. कोणी म्हणालं हे आपलं घराणंच नव्हे, कोणी म्हणालं हा मुद्दाम केलाय. देवळातला प्रसाद थंड झाला.

नंतर मी मूळ नोंदीचा फोटो मागवून घेतला आणि मोठा करून पाहिला. मोबाइलला दिसलं होतं ‘लावादेइरा’, म्हणजे कपडे धुणारी. कागदावर होतं ‘लाव्रादेइरा’, म्हणजे शेत करणारी. मधल्या एका र-चा फरक. कारकुनाच्या टाकाने व-ची शेपटी आणि र-चं डोकं असं एकात एक मिसळलंय की नुसतं बघून सुटत नाही. मी त्याच पानावर ‘लाव्रादोर’ लिहिलेला दुसरा पुरुष शोधला, त्याच हातचा, आणि दोन्ही शब्द शेजारी ठेवले. तेव्हा तो र दिसला. एकदा दिसला की मग दिसतच राहतो.

बरं, दुसरी बाजू. कपडे धुणाऱ्या समाजाला आपण मडवळ म्हणतो. पोर्तुगीज कागदात त्याला बहुतेक वेळा ‘मायनातु’ लिहिलेलं आढळतं. म्हणजे खापरपणजी खरोखर ‘लावादेइरा’ असती, तरी ते जातीचं नाव झालं नसतं, कामाचं झालं असतं. पण मेळाव्यात हे ऐकायला कोण थांबतोय! आणि खरं सांगायचं तर मला राग त्या चुकीपेक्षा लोकांच्या घाबरण्याचा जास्त आला.


वाचाल_तर | सावंतवाडी

हा सगळा पोर्तुगिजांचा गोंधळ आहे. आमच्या बाजूला इंग्रजांचं काम स्वच्छ. १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियर आणि १८८३ चं कॅनरा गॅझेटियर उघडा, जातवार धंदे मांडून ठेवलेत. कोण माड काढतो, कोण गाडी हाकतो, कोण काय खातो, सगळं. पेडणे-सत्तरीच्या लोकांचे निम्मे सोयरे आमच्याकडेच, तेव्हा गोव्याच्या माणसालाही त्यातून बरंच मिळेल.


मुक्काम_धोबीतलाव | मुंबई (मूळ साष्टी)

वाचाल_तर, गॅझेटियर कामाचं आहे, मान्य. पण त्यात एका जातीच्या सगळ्या माणसांना एकच धंदा करायला लावलाय. तो भंडारी म्हणून सूर काढणारा, असं. त्या घरातला एखादा मुंबईला गिरणीत असेल, एखादा तारवावर असेल, हे त्या पानावर येणार नाही.

आणि इंग्रजांचं स्वच्छ? १९११ च्या हिंदुस्थानच्या खानेसुमारीत बायकांची नोंद कशी करायची याच्या सूचना वाचा. घर सांभाळणारी आणि रांधणारी बाई कामकरी नव्हे, ती आश्रित. पण तीच बाई सरपण किंवा शेण गोळा करून विकत असेल, तर घराच्या मिळकतीत भर घालते म्हणून कामकरी. म्हणजे शेणी थापून स्वतःच्या चुलीत घातल्या तर काम नाही, बाजारात नेल्या तर काम! १९३१ मध्ये आणखी बारीक केलं: कमावणारे, काम करणारे आश्रित आणि काम न करणारे आश्रित. ‘काम करणारी आश्रित’ हा शब्द माझ्या आजीला ऐकवला असता तर तिने डावल्याने मारलं असतं.

त्याच १९११ मध्ये धंद्यांची वर्गवारी बेर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाच्या पद्धतीने लावली. चार मोठे वर्ग केले. शेवटच्या वर्गात एकत्र कोण बघा: व्याजभाड्यावर जगणारे, घरगुती नोकर, ज्यांचा धंदा नीट लिहिलाच नाही असे लोक, आणि ‘अनुत्पादक’. या अनुत्पादकांत तुरुंगातले कैदी, भिकारी आणि वेश्या. आता एखाद्या जिल्ह्याच्या या वर्गातला नुसता एकूण आकडा घेऊन कोणी लेख लिहिला, की बंगल्यातला पेन्शनर आणि त्याचा गडी एकाच ओळीत.

खुद्द विलायतेतही हेच. तिथे १८८१ पासून घर सांभाळणाऱ्या बायकांना बिनधंद्याच्या रकान्यात ढकललं. म्हणजे आजीला आश्रित ठरवणं ही काही पोर्तुगिजांची मक्तेदारी नव्हे.


उंडो_पाव | न्यू जर्सी

अमेरिकेतली भर घालतो. इथल्या १८७० च्या शिरगणतीत गणकांना बजावून सांगितलं होतं की पगार घेऊन दुसऱ्याचं घर चालवणारी बाई वेगळी लिहा आणि स्वतःच्या घरच्यांसाठी घर सांभाळणारी वेगळी लिहा. दोघींसाठी शब्दही वेगळे नेमून दिले होते. आणि आईला हातभार लावणारी वयात आलेली मुलगी? तिच्यापुढे ‘धंदा नाही’. घरातली सगळ्यात जास्त राबणारी तीच असणार.


मानकुराद | म्हापसा

गंभीर प्रश्न विचारतो, हसू नका. ‘रेंदेइरो’ म्हणजे रेंदेरच, माडाची सूर काढणाराच ना? आमच्या वाड्यावर आजोबांच्या पिढीपर्यंत सगळे रेंदेर. पण मला मिळालेल्या कागदात एक रेंदेइरो चक्क जामीन राहिलाय, आणि रक्कम एवढी मोठी की माडावर चढणाऱ्याकडे असणं शक्य नाही.


पाटो_पूल | पणजी

शाबास, चांगला सापडला. इथे फसायला होतं.

पोर्तुगीज ‘रेंदेइरो’ म्हणजे ‘रेंद’ घेणारा, खंडकरी. सरकारचं एखादं उत्पन्न, समजा दारूवरचा कर, लिलावात बोली लावून घ्यायचं, सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि लोकांकडून वसूल करायचं. हा पैसेवाला माणूस. माड काढण्यावर रेंद होती, म्हणून ती भरून माड काढणाऱ्याला कोकणीत रेंदेर म्हणू लागले. म्हणजे शब्द एक, पण कागदातला रेंदेइरो आणि झाडावरचा रेंदेर एक नव्हेत. तुमचा जामीनदार पहिल्या जातीचा. झाडावरच्याला पोर्तुगीज लिहिणारे ‘बांदारिं’ म्हणत, म्हणजे आपला भंडारीच.

त्यातून बाईच्या नावापुढे ‘रेंदेइरा’ आलं तर आणखी एक फाटा. ‘रेंदा’चा दुसरा अर्थ लेस. रेंदेइरा म्हणजे लेस विणणारीसुद्धा. बाकीचा कागद वाचल्याशिवाय ठरवू नका.

असे शब्द अडले तर दालगादो यांचा ‘ग्लोसारिओ लुझो-आझियातिको’ पाहा. आसगावचे मॉन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो, जन्म १८५५. दोन खंड, १९१९ आणि १९२१, कोइंब्रा इथे छापलेले. पोर्तुगिजांनी इथून उचललेले शब्द त्यात अर्थासह आहेत: मायनातु, बांदारिं, मचील (पालखी) उचलणारे बोइया. साधा पोर्तुगीज कोश या शब्दांपाशी मुका होतो आणि मोबाइल तर बडबडतो.

आणखी एक. १९११ मध्ये पोर्तुगिजांनी स्पेलिंग बदललं. त्याआधीच्या कागदात शिंपी, म्हणजे आल्फायाती, वाय घालून लिहिलेला असतो. फ-चा उच्चार पी-एच ने, कित्येक अक्षरं दुहेरी. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर सापडणार नाही आणि वाटेल की गावात शिंपीच नव्हता.


मानकुराद | म्हापसा

म्हणजे आमच्यात एक लिलाव घेणारा होऊन गेला! आणि वाड्यावर कोणाला पत्ता नाही. पैसे कुठे गेले ते विचारायला कोणीही उरलेलं नाही.


तारवटी | बार्देश

मोठ्या आकड्यांबद्दल थोडं. गोव्याची लोकसंख्या १९१० मध्ये ४,८६,७५२ होती, १९२१ मध्ये ४,६९,४९४. दहा-अकरा वर्षांत वाढायची सोडून सतरा हजारांनी कमी. मधे १९१८ चा इन्फ्लुएंझा होता, आणि माणसं मुंबईला, आफ्रिकेला, बोटींवर जातच होती. आमच्या गावात त्या काळी घरांना टाळं नव्हतं, पण घरात पुरुष नव्हते. घरात सासू, सून, पोरं आणि भिंतीवर बोटीचं कॅलेंडर.

हे का सांगतो? अशा गावात धंद्यांचा तक्ता पाहिला तर वाटेल की इथे तारवटी म्हणजे खलाशी, कुजनेर, वाजंत्री फारसे नव्हतेच. होते, पण ते मोजले गेले मुंबईत, मझगाव-धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गोवेकरांच्या तिथल्या राहायच्या जागांत. मागे राहिलेली बाई इथे ‘दोमेस्तिका’. शेत तिने पाहायचं, कामेली तिने लावायच्या, भाटकाराशी भांडण तिने करायचं, नवऱ्याच्या मनीऑर्डरीतून कर्ज तिने फेडायचं. माझी आजी गावच्या खाजन शेताच्या बांधावर पावसात उभी राहून माणसांकडून मानशीची, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारी, दारं दुरुस्त करून घ्यायची. तिच्या मुलाच्या जन्माच्या नोंदीत मात्र तिचा धंदा: दोमेस्तिका. आणि आजोबांचा? ‘मारितिमु’. ते वर्षातले दहा महिने समुद्रावर होते, तेव्हा ते बरोबर आहे म्हणा.


वाचाल_तर | सावंतवाडी

इंग्रजांबद्दल माघार घेतो. पूर्ण नाही, अर्धी.

एक विचारतो. ‘मांदुकार’ हा धंदा समजायचा का? एका कागदात दोन-तीनदा आलाय.


पाटो_पूल | पणजी

तो आपला मुंडकार. धंदा नव्हे. भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा, असं त्याचं नातं. त्या बदल्यात भाटाची राखण, पाडेकरी (नारळ पाडणं), सणासुदीला बोलावलं की हजर. पोटाचा धंदा वेगळाच असू शकतो: सुतार, खारवी, रेंदेर, काहीही. १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून काढता येऊ नये म्हणून कायदा झाला, तोवर हे नातं हाच त्या माणसाचा पत्ता होता. गावकाराचंही तसंच. ‘गांवकार’ म्हणजे कोमुनिदादीतला (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेतला) हक्कदार, वर्षाचा जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळणारा. त्याने शेत कसलं की कचेरीत लेखणी चालवली, त्या शब्दावरून कळायचं नाही.


कुळागर | फोंडा

एका माणसाला एकच धंदा, हीच मुळात अडचण दिसते. आमच्याकडे कामाला यायचा तो माणूस पावसात शेत लावायचा, दिवाळीनंतर माड काढायचा, मार्च-एप्रिलात डोंगरावर काजूच्या भट्टीवर असायचा आणि मध्ये वेळ मिळाला की घरं शाकारायचा. त्याने रकान्यात काय लिहायचं? ज्या महिन्यात माणूस मोजायला आला, तो धंदा?


बाईमास्तर | केपे

अगदी हेच माझ्या आईने पाहिलं.

गोव्यात पोर्तुगिजांची शेवटची खानेसुमारी १९६० ची. भारताची १९६१ ची मार्चमध्ये झाली तेव्हा गोवा मुक्त व्हायचा होता. म्हणून भारत सरकारने केलेली गोव्यातली पहिली शिरगणती १९७१ ची. आई प्राथमिक शाळेत मराठी शिकवायची, तिला गणक म्हणून नेमली. मी सातवी-आठवीत, तिच्यासोबत दऊत घेऊन फिरायचे. दऊत म्हणजे शाईची बाटली, पेन गळायचं म्हणून. (‘खानेसुमारी’तला ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘शिरगणती’तलं शिर म्हणजे डोकं, हे तिनेच वाटेत शिकवलं. आधी घर मोजायचं, मग डोकी.)

त्या वेळी फॉर्मवर मुख्य काम विचारायचं होतं, आणि त्यापुढे दुय्यम काम. एक घर मला पक्कं आठवतं. ओसरीवर एक बाई बसलेली, पुढ्यात सुपात अबोली. केळीचा दोर दाताने धरलेला, बोटं चालूच. चार फुलं इकडे, चार तिकडे, मध्ये दोराचा वेढा, ओढून गाठ. आईने विचारलं, काम काय करता? ती वर न बघता म्हणाली, “कांय ना गे बाय, घरांतच आसतां.” आई सुपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आणि ह्यो फाती?” बाई हसली. “ह्यो? ह्यो देवळाकडे विकतात. ताचें किदें?”

आईने तिला दुय्यम काम लावलं. पुढच्या घरी भात उकडणारी होती. परसात तीन दगडांवर भाण, म्हणजे मोठं भांडं, खाली करवंट्यांचा जाळ, धूर सगळा तोंडावर. दहा घरांचं भात उकडून द्यायची, पैसे कुडव्यावर. तीही म्हणाली, कांय ना. त्या दिवसात आईने ‘कांय ना’ किती वेळा ऐकलं असेल! वरच्या साहेबाने नंतर तिला झापलं, की बाई, तुमच्या वॉर्डात सगळ्याच बायका कामाला कशा? तिने तक्ते बदलले की नाही ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

‘गृहउद्योग’ असा वेगळा वर्ग त्या फॉर्मवरही होता, शेतकरी, शेतमजूर आणि इतर यांच्यासोबत. पण घरात बसून केलेलं विकलं जातंय हे त्या बाईने मुळात सांगायला हवं ना.


सांजवात | फोंडा महाल

बरेच दिवस नुसतं वाचत असते. आज लिहिते, कारण कोणीतरी हा शब्द विचारणारच आहे.

माझ्या पणजीच्या नावापुढे ‘बायलादेइरा’ आहे. शब्दशः नाचणारी. पोर्तुगीज कारकुनाला देवळाशी बांधलेली प्रत्येक बाई बायलादेइराच दिसायची. आमच्याकडे त्यात किती फरक होते ते घरच्यांना माहीत: कलावंत वेगळ्या, भाविणी वेगळ्या. कोणी गायची, कोणी नाचायची, कोणी देवापुढे दिवा धरायची, कोणी चवरी ढाळायची. माझी पणजी नाचत नव्हती. गायची, आणि पेटी वाजवायची. तिच्याकडे शिकायला मुलं यायची. काम म्हणून तिने आयुष्यभर काय केलं असेल तर शिकवलं. तिला ‘मेस्त्रा’, म्हणजे शिक्षिका, कोणी लिहिलं नाही.

मजेची गोष्ट. तिच्या मुलीच्या नावापुढे, म्हणजे माझ्या आजीच्या, १९४० नंतरच्या कागदात ‘प्रोप्रियेतारिआ’ आहे. घर आणि शेत पणजीनेच करून ठेवलेलं. आणि माझ्या आईच्या पुढे ‘दोमेस्तिका’. तीन पिढ्या, तीन शब्द, घर तेच आणि पेटी तीच. आई ‘दोमेस्तिका’ झाली तेव्हा आजीने पेढे वाटले होते, असं सांगतात. ते मला लहानपणी कळायचं नाही.

कोणी वंशावळ लिहीत असेल तर एक विनंती: हा शब्द गाळू नका, आणि त्याचं मोबाइलवर भाषांतर करून छापूही नका. घरच्या म्हातारीला विचारा, ती काय करायची.


आबोली_८ | डिचोली

सांजवात, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या मेळाव्यात तुम्ही हव्या होतात.


मुक्काम_धोबीतलाव | मुंबई (मूळ साष्टी)

पेटी अजून आहे?


सांजवात | फोंडा महाल

आहे. दोन सूर मुके झालेत. भावाकडे.


उंडो_पाव | न्यू जर्सी

एक व्यावहारिक प्रश्न. छापील खंडांत नावं नाहीत, मग आपल्या माणसाचा धंदा शोधायचा कुठे?


पाटो_पूल | पणजी

जिथे नाव आणि धंदा एकत्र येतात तिथे. जन्म-लग्न-मृत्यूच्या नागरी नोंदी, चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची पुस्तकं, नोटरीकडचे दस्त, वारसाहक्काच्या वाटण्या, म्हणजे इन्व्हेंतार. कोमुनिदादीची पुस्तकंही. हिंदू घरांत देवस्थानचे आणि उधारीचे कागद मोडीत मिळतात, त्यांतला ‘धंदा’ बऱ्याचदा नावातच असतो: अमुक शेट म्हणजे सोनार, तमुक मेस्त म्हणजे सुतार, तोही मूळ पोर्तुगीज ‘मेस्त्रे’.

एकाच कागदावर विश्वास टाकू नका. मुलाच्या जन्माला बाप जोर्नालेइरो, मुलीच्या लग्नाला लाव्रादोर, मेल्यावर प्रोप्रियेतारिओ, असं सर्रास दिसतं. कधी माणूस खरंच वर चढलेला असतो. कधी फक्त कारकून बदललेला असतो. आणि कधी लग्नात धंदा विचारला की माणूस जरा छाती काढून सांगतो, ते तर आजही चालतं. खानेसुमारीचे आकडे गावाचा रंग कळायला वापरा, घरासाठी हे कागद.


कुळागर | फोंडा

कालचा वृत्तांत.

आत्याला बसवून विचारलं की आजी नेमकं काय करायची. आधी तेच: “किदें करतली? घर सांबाळटाली.” मग बाईमास्तरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. भाण म्हटल्याबरोबर आत्या म्हणाली, भाण आमचंही होतं! आजी आमसुलं करायची, रतांब्याच्या दिवसांत ओसरीभर. हातांची कातडी लाल व्हायची ती पावसापर्यंत जायची नाही. सुपारी सोलायला चार बायका बसवायची, त्यांचा हिशेब भिंतीवर कोळशाने काढायची, कारण तिला लिहिता येत नव्हतं, रेघा मारता येत होत्या. आमसुलं शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारापर्यंत जायची. पैसे कोणाकडे? आत्या हसायला लागली. “बाबांक कळूंक नाशिल्लें.” आजोबांना ठाऊकच नव्हतं किती यायचे. तांदळाच्या कणगीत पुरलेला डबा होता.

म्हणजे मुक्काम_धोबीतलावांच्या १९११ च्या नियमाने आजी कामकरी. आत्या म्हणते, मग त्या जन्मनोंदीत दुरुस्ती करून आणा. भाचा अर्ज लिहायला बसलाय, थट्टेत की खरंच ते अजून कळत नाही.

आता नवीन अडचण. त्याच पेटाऱ्यात आणखी एक कागद निघालाय, आजोबांच्या चुलत्याचा. धंद्याच्या जागी एक शब्द आहे, सुरुवातीला ब दिसतो, शेवटी आ. मधलं वाळवीने खाल्लंय.


पाटो_पूल | पणजी

बोइया असेल. बोतिकार्यु, म्हणजे औषधवाला, नसेल, तो शेवटी ओ-ने संपतो. फोटो टाका. आणि त्या कागदावरचं दुसरं कुठलंतरी ब असलेलं नावही टाका, त्याच हातचं.


मानकुराद | म्हापसा

पेपर विकणारा असेल. :)